एक रचना, शेकडो रेकॉर्डिंग्ज: पियानोवरचा बाख नेमका कुणाचा ऐकायचा?

कुठल्याही म्युझिक ॲपमध्ये 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' टाईप करून बघा. ग्लेन गूल्ड, मरे पेराइया, आंद्राश शिफ, बिआत्रिचे राना, लांग लांग, विकिंगुर ओलाफसन... बोट दुखेपर्यंत स्क्रोल केलं तरी यादी संपत नाही. त्यात गूल्ड एकटाच वेगवेगळ्या कव्हरांसह अनेकदा दिसतो. रचना एकच. योहान सेबास्टियन बाखची, १७४१ साली छापलेली. सुरुवातीला एक संथ 'आरिया', तिच्या पायावर रचलेली ३० व्हेरिएशन्स आणि शेवटी पुन्हा तीच आरिया. स्वरन् स्वर कागदावर लिहून ठेवलेला. मग इतकी रेकॉर्डिंग्ज कशाला आणि आपण त्यातलं कुठलं लावायचं?

आपल्याकडच्या श्रोत्याला हा प्रश्न जरा चमत्कारिक वाटतो. यमनाची बंदिश तीच असली तरी गवई ती प्रत्येक मैफलीत नव्याने मांडतो, त्यामुळे दोन गायकांचा यमन वेगळा असणार हे आपण गृहीतच धरतो. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात स्वर बदलायची मुभा जवळजवळ नाही. पण बाखने या रचनेत बहुतेक ठिकाणी लय किती ठेवायची हे लिहिलेलंच नाही. शिवाय ती पियानोसाठी नव्हतीच, दोन कीबोर्ड असलेल्या हार्पसिकॉर्डसाठी होती. हार्पसिकॉर्डची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच येतो. म्हणजे पियानोवर वाजवताना कुठे हळू, कुठे जोरात, कुठे पेडल, किती वेगात, हे सगळं वादकानेच ठरवायचं. भाग पुन्हा वाजवायचे की नाहीत, हेही त्याच्यावर. एवढ्या मोकळ्या जागा असतील तर दोन रेकॉर्डिंग्ज सारखी निघणं अवघडच.

या लेखात 'सर्वोत्तम दहा' अशी यादी देणार नाही. तशा याद्या नेटवर भरपूर आहेत. आपल्या फोनवर, आपल्या हेडफोनवर, आपल्या कानांनी निवड कशी करायची आणि त्यात तंत्रज्ञान कुठे मदत करतं, कुठे फसवतं, ते सांगतो.

आधी यादी साफ करा

म्युझिक ॲप्स मुळात गाण्यांसाठी बनली आहेत: कलाकार, अल्बम, गाणं. शास्त्रीय संगीताला किमान चार रकाने लागतात: रचनाकार, रचना, वादक आणि रेकॉर्डिंगचं साल. चौथा रकाना बहुतेक ॲप्समध्ये नसतोच. असतो तो 'रिलीज'चा, आणि तो हमखास गोंधळात टाकतो. गूल्डने ही रचना १९५५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत रेकॉर्ड केली आणि पुन्हा १९८१ साली त्याच स्टुडिओत. पण १९५५ च्या रेकॉर्डिंगचं २०१५ मध्ये रीमास्टरिंग झालं, म्हणून ॲपवर साल दिसतं २०१५! गूल्ड तर १९८२ मध्येच गेला.

म्हणून शोधताना नावाऐवजी कॅटलॉग नंबर टाका. बाखच्या प्रत्येक रचनेला 'बीडब्ल्यूव्ही' क्रमांक असतो. गोल्डबर्गचा ९८८. मोझार्टसाठी 'के', शूबर्टसाठी 'डी', बेथोव्हेन-शोपँसाठी 'ओपस'. (हे क्रमांक मात्र सर्चमध्ये रोमन अक्षरांतच टाकावे लागतात.) नंबराने शोधलं की कचरा बराच कमी होतो. ॲपल म्युझिक क्लासिकल आणि बर्लिनचं इडाजिओ ही ॲप्स याच अडचणीसाठी बनली आहेत. तिथे आधी रचना निवडता येते आणि मग तिची सगळी रेकॉर्डिंग्ज समोर येतात. नेहमीचं ॲप वापरत असाल तर अल्बमच्या तळाशी बारीक अक्षरात वर्तुळातला 'पी' बघा. ते ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं साल. तेही रीमास्टरनंतर बदललेलं असू शकतं, पण कव्हरवरच्या तारखेपेक्षा बरं.

मिनिटं बघा, पण जपून

मला स्वतःला ट्रॅकच्या लांबीचा आकडा वाचायला फार आवडतं. फुकटची माहिती असते आणि कोणी वाचत नाही. गूल्डचं १९५५ चं रेकॉर्डिंग साधारण ३८ मिनिटांचं, १९८१ चं ५१ मिनिटांचं. पेराइयाचं (२०००) सत्तरच्या पुढे. लांग लांगचं (२०२०) दीड तासाच्या घरात. यावरून 'लांग लांग गूल्डच्या निम्म्या वेगाने वाजवतो' असा निष्कर्ष काढाल तर घोटाळा होईल.

कारण आहे 'रिपीट'. आरियाचे आणि प्रत्येक व्हेरिएशनचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवावा अशी खूण बाखने केलेली आहे. १९५५ मध्ये गूल्डने सगळे रिपीट उडवले. १९८१ मध्ये काही ठिकाणी, फक्त पहिल्या भागाचे घेतले. पेराइया सगळे घेतो. आता नुसती आरिया बघा. गूल्डची १९५५ ची दोन मिनिटांच्या थोडी आत संपते, पेराइयाची चार मिनिटांच्या आसपास जाते. रिपीट वजा करा, म्हणजे चाराचे निम्मे दोन. दोघांची मूळ चाल जवळजवळ सारखीच निघाली! आणि गूल्डची १९८१ ची आरिया, जी रिपीट न घेताही तीन मिनिटांच्या वर जाते, ती खरोखर संथ आहे.

आणखी एक गंमत. १९८१ चं रेकॉर्डिंग एकूण संथ म्हणून प्रसिद्ध आहे. पण २५ वं व्हेरिएशन, सगळ्या रचनेतलं सर्वात दुःखी, ते १९५५ च्या रेकॉर्डिंगमध्येच जास्त लांब आहे. साडेसहा मिनिटांच्या आसपास, तर १९८१ मध्ये सहाच्या आसपास. दोन्हीकडे रिपीट नाही. म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा बाकी सगळं सुसाट वाजवून तिथे थांबून राहिला आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाने तिथे तेवढं रेंगाळणं टाळलं. म्हातारपणी त्याला सगळ्या व्हेरिएशन्सच्या लयी एका धाग्यात, एकमेकींशी प्रमाणात बांधायच्या होत्या, असं तो स्वतः मुलाखतीत सांगायचा. हे 'फास्ट गूल्ड, स्लो गूल्ड' या वर्णनात कुठे येतं? म्हणून एकूण मिनिटांपेक्षा दोन-तीन ठराविक ट्रॅकची मिनिटं ताडून बघा.

आवाज सारखा केल्याशिवाय तुलना नको

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दोन रेकॉर्डिंग्जपैकी जे किंचित मोठ्या आवाजात वाजतं ते कानाला 'चांगलं' वाटतं. फरक डेसिबलभराचा असला तर तो मोठा आवाज म्हणून जाणवतही नाही. 'हे जास्त स्पष्ट आहे', 'यात जीव आहे' असं आपण म्हणतो. हेडफोनच्या दुकानात विक्रेते ही युक्ती पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत.

ॲप्समध्ये यावर उपाय आहे. स्पॉटिफायमध्ये 'ऑडिओ नॉर्मलायझेशन', ॲपलमध्ये 'साउंड चेक'. ॲप प्रत्येक ट्रॅकचा सरासरी जाणवणारा आवाज मोजतं ('लफ्स' हे त्याचं एकक) आणि सगळे ट्रॅक एका पातळीवर आणायचा प्रयत्न करतं. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ लफ्स. पण पियानोत एक अडचण येते. हळू रेकॉर्डिंग वर उचलताना मधेच एखादा जोरकस सूर असेल तर तो फाटू नये म्हणून ॲप पूर्ण उचलत नाही. त्यामुळे शास्त्रीय रेकॉर्डिंग्ज बऱ्याचदा पातळीच्या खालीच राहतात. म्हणून सेटिंग चालू ठेवा आणि वर हातानेही व्हॉल्यूम जुळवा.

आणखी एक बारकावा. पूर्ण अल्बम लावला तर स्पॉटिफाय सगळ्या अल्बमला मिळून एकच सुधारणा लावतं. प्लेलिस्टमध्ये मात्र प्रत्येक ट्रॅकची वेगळी. म्हणजे तुलनेसाठी दोन वादकांच्या आरिया प्लेलिस्टमध्ये टाकणं सोयीचं. पण रचना सलग ऐकायची तर अल्बमच लावा, नाहीतर हळुवार व्हेरिएशन उगाच वर उचललं जाईल आणि वादकाने मेहनतीने राखलेला चढउतार सपाट होईल.

मी तुलना अशी करतो. तीन ट्रॅक: आरिया, ५ वं व्हेरिएशन (झपाट्याचं, हातावरून हात जाणारं) आणि २५ वं. तीन वादक. घरातल्या कुणाला तरी सांगायचं की क्रम मला न सांगता लाव. प्रत्येकाचा पहिला दीड मिनिट ऐकायचा. तासभरसुद्धा लागत नाही. नावं झाकलेली असणं का महत्त्वाचं, त्याचा एक इतिहासातला दाखला आहे आणि तो मोठा विलक्षण आहे.

जॉइस हॅटो

जॉइस हॅटो ही इंग्लंडची पियानोवादक. १९७० च्या दशकात तिने जाहीर कार्यक्रम थांबवले. कॅन्सर आहे असं सांगितलं गेलं. मग आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत तिच्या सीडींचा पूर आला. लिस्ट, शोपँ, रॅकमॅनिनॉव, मोझार्ट, प्रोकोफिएव्ह... शंभराहून जास्त. सगळ्या तिचा नवरा विल्यम बॅरिंग्टन-कूपच्या छोट्याशा कंपनीच्या. आजारी, म्हातारी बाई घरात बसून असं वाजवते म्हणून समीक्षक हरखून गेले. २००६ मध्ये ती वारली तेव्हा तिच्यावर भरभरून लिहिलं गेलं.

फेब्रुवारी २००७ मध्ये एका श्रोत्याने तिची लिस्टची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली. आयट्यून्सने वादकाचं नाव दाखवलं: लास्लो सिमोन. हॅटो नाही.

हे कसं घडलं ते समजून घेण्यासारखं आहे. साध्या ऑडिओ सीडीवर बहुधा गाण्याचं नाव लिहिलेलं नसतं. असतो तो फक्त तक्ता: ट्रॅक किती आणि कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो, तेही सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत अचूक. सॉफ्टवेअर हा तक्ता ग्रेसनोट नावाच्या डेटाबेसला पाठवतं आणि डेटाबेस जुळणारी सीडी शोधून नावं परत देतो. बारा ट्रॅकच्या लांब्या इतक्या अचूक जुळणं हा योगायोग जवळजवळ अशक्य. श्रोत्याने सिमोनचं रेकॉर्डिंग मिळवून ऐकलं, संशय बळावला. 'ग्रामोफोन' मासिकाने प्रिस्टीन ऑडिओच्या अँड्र्यू रोझला दोन्हींचे वेव्हफॉर्म ताडायला सांगितलं. लहरी एकावर एक बसल्या. मग एकेक सीडी उघडी पडत गेली. रॅकमॅनिनॉवचे कॉन्चेर्टो येफिम ब्रॉन्फमनचे निघाले. काही ठिकाणी माग लागू नये म्हणून वेगही थोडा बदललेला होता.

त्याच सुमारास लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवेमध्ये निकोलस कुक आणि क्रेग सॅप वेगळ्याच कामात होते. शोपँचे माझुर्का वेगवेगळे वादक कसे वाजवतात हे ते ठोक्याठोक्याने मोजत होते. प्रत्येक ठोक्यामधलं अंतर कॉम्प्युटरवर मांडून कोण कुणाच्या जवळ जातो याचा नकाशा. त्यात हॅटो आणि यूजेन इन्जिक हे दोघं एकमेकांना इतके चिकटले की माणसं दोन असणं शक्य नव्हतं. एकच वादकसुद्धा दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा इतकं हुबेहूब वाजवू शकत नाही. नवऱ्याने आधी इन्कार केला आणि नंतर सिमोनची सीडी काढणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहून कबुली दिली.

मला यात फसवणुकीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. ब्रॉन्फमनच्या नावाने जे रेकॉर्डिंग एका समीक्षकाला फारसं भावलं नव्हतं, तेच हॅटोच्या नावाने आल्यावर त्यानेच त्याची वाखाणणी केली. सूर तेच. बदलली ती कव्हरवरची गोष्ट. तो माणूस ढ नव्हता, आयुष्यभर पियानोच ऐकत आलेला होता. आणि ज्यांनी खरोखर ते वाजवलं, त्या सिमोन किंवा इन्जिकना अशी स्तुती स्वतःच्या नावाने किती मिळाली असेल? फार थोड्यांनी तोवर त्यांची नावं ऐकली होती.

आज हे काम तुमचा फोन करतो. शॅझॅम ध्वनीतली ठळक शिखरं, म्हणजे कुठल्या क्षणी कुठली कंपनसंख्या जोरात आहे, तेवढी टिपतं आणि शिखरांच्या जोड्यांमधली वेळेची अंतरं मोठ्या साठ्यात शोधतं. त्यामुळे ते रचना ओळखत नाही, ते विशिष्ट रेकॉर्डिंग ओळखतं. मित्राकडे किंवा कॅफेत लागलेला गोल्डबर्ग आवडला तर शॅझॅम लावा, वादक बरोबर कळायची शक्यता चांगली. फक्त अल्बमचं नाव एखाद्या 'झोपेसाठी पियानो' छाप संग्रहाचं येईल, तिकडे दुर्लक्ष करा.

रीमास्टर, हाय-रेझ वगैरे

यावर नेटवर जितकी भांडणं होतात तितका फरक नसतो. पियानोचा सर्वात खालचा सूर २७.५ हर्ट्झ, सर्वात वरचा सुमारे ४१८६ हर्ट्झ. त्याच्या वरचे स्वरांश धरले तरी सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंत जातं, जे बहुतेक मोठ्या माणसांना ऐकूच येत नाही. ५१ मिनिटांचा अल्बम सीडीच्या दर्जात, कॉम्प्रेस न करता, साधारण ५४० एमबी होतो. २४ बिट १९२ किलोहर्ट्झमध्ये तोच साडेतीन जीबी. ऐकायचं ब्लूटूथ हेडफोनवर असेल तर बहुधा दोन्ही वाटेत पुन्हा दाबले जातात. आणि डोक्यावर पंखा चालू असेल तर २५ व्या व्हेरिएशनचे विरत जाणारे सूर कुठल्याही फॉरमॅटमध्ये ऐकू येणार नाहीत. पंखा बंद करा. खर्च शून्य.

मात्र एकाच वादनाच्या दोन प्रती वेगळ्या ऐकू येऊ शकतात, हे खरं. गूल्डचं १९८१ चं रेकॉर्डिंग सुरुवातीच्या काळातलं डिजिटल. त्याचा आवाज थोडा कोरडा, काचेसारखा वाटतो. सुदैवाने त्याच वेळी बाजूला ॲनालॉग टेपही फिरत होती. २००२ मध्ये 'अ स्टेट ऑफ वंडर' नावाने दोन्ही गोल्डबर्ग एकत्र निघाले, तेव्हा १९८१ साठी ती टेप वापरली. मला ती ऊबदार वाटते. १९५५ चं मुळात मोनो आहे आणि ते मोनोच ऐकावं. पुढे त्याचं कृत्रिम स्टिरिओही बनवलं गेलं होतं, ते टाळा. जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर अगदीच नाहीशी झालेली दिसली तरी सावध व्हा. खरखरीसोबत सुराची शेपटीही कापली जाते आणि पियानो पाण्याखाली वाजल्यासारखा वाटतो.

मग मी काय लावतो

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर पेराइया. रिपीट पूर्ण, आवाज गोल, आणि दुसऱ्यांदा तोच भाग वाजवताना तो हळूच काहीतरी सजवतो, त्यामुळे रिपीट कशासाठी असतात ते आपोआप कळतं. शिफने ही रचना दोनदा रेकॉर्ड केली आहे. त्यातलं २००१ मध्ये बाझलच्या मैफलीत केलेलं घ्या. खोकला-टाळ्यांना घाबरायचं कारण नाही आणि सलग वाजवण्याचा ताण जाणवतो, जो स्टुडिओत तुकडे जोडून येत नाही. लांग लांगच्या अल्बममध्ये स्टुडिओसोबत लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमधलं वादनही आहे. बाख तिथेच नोकरीला होता आणि तिथेच त्याची कबर आहे. एकदा ऐकावं, पण दीड तास मला पेलत नाही. ओलाफसनचं २०२३ चं रेकॉर्डिंग तरुण कानांना लगेच आवडतं, स्वच्छ आणि चपळ.

गूल्ड हेडफोनवर ऐकताना मागे कोणीतरी गुणगुणतंय असं वाटेल. हेडफोन बिघडलेला नाही. तोच आहे. वाजवताना गायची त्याची सवय कधी सुटली नाही आणि वडिलांनी बनवून दिलेली बुटकी खुर्चीही कधी कधी करकरते. काहींना हे असह्य होतं. त्यांच्यासाठी एक वेगळीच चीज आहे. झेन्फ नावाच्या कंपनीने १९५५ च्या मोनो रेकॉर्डिंगमधला प्रत्येक सूर, तो किती जोरात आणि किती वेळ दाबला होता यासह, डेटात बदलला. तो टोरोंटोमध्ये यामाहाच्या आपोआप वाजणाऱ्या पियानोवर वाजवून स्टिरिओत नव्याने रेकॉर्ड केला. गूल्डचंच वादन, गूल्ड नाही, गुणगुण नाही, खुर्ची नाही. मूळ १९५५ ची आरिया आणि ही आरिया व्हॉल्यूम जुळवून, डोळे मिटून, लागोपाठ लावून बघा. मी चार-पाच जणांना ऐकवली आहे. निम्म्यांना यंत्राची जास्त आवडली.